हंगामी कारखाना आणि निवृत्तीची तरतूद : वर्धा जिल्ह्यातील कापूस-कामगार

वर्धा जिल्ह्यातील कापूस-कामगारांत दोन वर्ग स्पष्ट दिसतात. हिंगणघाट व पुलगाव येथील कापडगिरण्यांतला कामगार बारमाही होता. सरकी काढणाऱ्या व गाठी बांधणाऱ्या कारखान्यांतला कामगार कापसाच्या हंगामापुरता. १९३४ च्या कारखाने अधिनियमाने या दुसऱ्या प्रकारच्या कारखान्यांना 'हंगामी कारखाना' अशी वेगळी कोटी दिली. मराठीत 'हंगामी' म्हणजे ऋतुपरत्वे चालणारे, तसेच तात्पुरतेही. कायद्याने हंगामी म्हटले ते कारखान्याला. व्यवहारात तात्पुरता ठरला तो कामगार, मग तो वर्षानुवर्षे त्याच जिनात परतत का असेना.

१९५२ चा भविष्य निर्वाह निधी अधिनियम आरंभी सहा उद्योगांतील, पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यांस लागू झाला. कापडउद्योग त्यांत होता. १९६० च्या अखेरीस ही मर्यादा विसावर आली. त्याखालच्या मालकासाठी कलम १(४) ची वाट होती : मालक व बहुसंख्य कामगार यांचे एकमत झाल्यास निधी लागू करता येई. संघटनेला बहुमत जमविणे अवघड नव्हते. मालकाची संमती मात्र तिच्या हाती नव्हती. शिवाय एकदा लागू झालेला कायदा संख्या घटली तरी सुटत नसे. मग विसावा मनुष्य हजेरीपटावर चढविण्याची उत्सुकता कोणाला असणार?

उपदानाच्या बाबतीत भेद आकड्यांतच मांडता येतो. १९७२ च्या उपदान अधिनियमाने दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापना कक्षेत घेतल्या. बारमाही कामगारास प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हंगामी आस्थापनेतील कामगारास प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे. म्हणजे वीस वर्षांच्या सेवेअंती गिरणी-कामगाराच्या पदरी तीनशे दिवसांचे वेतन पडे. वीस हंगाम काढलेल्या जिन-कामगाराच्या पदरी एकशे चाळीस दिवसांचे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये हे दोन्ही अधिनियम समाविष्ट झाले, तरी सात दिवसांचे प्रमाण तसेच राहिले.

या साऱ्या कायद्यांत मोजणीचा घटक आस्थापना हाच होता. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने तो बदलला, आणि येथेच या इतिहासातला खरा नवा विचार आढळतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संघटित झालेल्या माथाडींचा मालक एक नसे. सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा. म्हणून मालक व कामगार दोघांचीही नोंदणी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही यांचा भरणाही मंडळाकडे, आणि भविष्य निर्वाह निधी व उपदान मंडळाकडून, अशी रचना झाली. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य. छोट्या मालकाला स्वतंत्र योजना उभारण्याचे कारणच उरले नाही. त्याच्याकडे माणसे किती, हा प्रश्नही गौण झाला.

कापडबाजार व कापूसबाजार या अधिनियमाच्या अनुसूचीत होते, आणि मंडळांची व्यवस्था मुंबईबाहेर टप्प्याटप्प्याने पसरली. तथापि संरक्षण मिळाले ते चढविणे, उतरविणे, रचणे, वजन करणे या कामांना. त्यामुळे एकाच आवारात गाठ पाठीवर घेणारा हमाल मंडळाच्या नोंदवहीत येऊ शकत होता. आत रेच्यावर बसलेली मजूरबाई मात्र कारखान्याच्या हजेरीपटावरच, हंगाम मोजत राहिली.