बिअर-आस्वादन व समीक्षा

लहान, स्थानिक निर्मितीगृहांत तयार होणाऱ्या बिअरचा रंग, गंध, चव व मुखस्पर्श यांचे पद्धतशीर परीक्षण करून लेखी अभिप्राय देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम ब्रिटनमध्ये व पाठोपाठ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. द्राक्षमद्याच्या रसग्रहणाची परंपरा यूरोपात जुनी आहे. बिअर मात्र कष्टकऱ्यांचे रोजचे पेय मानली गेल्याने तिच्या समीक्षेची गरज फारशी कोणास भासली नाही. या समीक्षेचा उगम एका तक्रारीत आहे.

१९७० च्या सुमारास ब्रिटनमधील बिअरचे बहुतांश उत्पादन सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटले होते. ‘एल’ या पारंपरिक बिअरमधील यीस्ट पिंपात भरल्यावरही जिवंत राहते व तेथे तिचे किण्वन सावकाश चालू असते. त्यामुळे ती लवकर बिघडते व तिची निगा राखणारा जाणता माणूस लागतो. कंपन्यांनी तिच्याऐवजी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली आणि वायूच्या दाबाने नळातून येणारी बिअर पुढे केली. ती टिकाऊ व सर्वत्र सारखी होती, आणि हाच तिच्यावरील आक्षेप होता. मार्च १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी जुन्या एलच्या रक्षणार्थ एक संघटना स्थापन केली. १९७३ पासून ती ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ओळखली जाते. १९७४ च्या तिच्या गुड बिअर गाइड या मार्गदर्शिकेत वॉटनी या बड्या कंपनीच्या बिअरपासून प्लेगप्रमाणे दूर राहावे, असा सल्ला मूळ मजकुरात होता. कायदेशीर कारवाईच्या धास्तीने प्लेगचा उल्लेख गाळून तो थोडा सौम्य करण्यात आला. मद्यगृहांची निवड स्थानिक सभासद स्वतः चव घेऊन करीत, यामुळे या मार्गदर्शिकेस विश्वासार्हता लाभली.

तथापि चांगले आणि वाईट याहून अधिक काही सांगण्यास शब्द अपुरे होते. ही उणीव मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या यॉर्कशरच्या पत्रकाराने भरून काढली. (त्याच नावाचा अमेरिकन गायक वेगळा.) द वर्ल्ड गाइड टू बिअर (१९७७) या ग्रंथात त्याने जगातील बिअरचे प्रकारवार वर्णन केले, बेल्जियममधील मठांच्या व खेड्यांच्या बिअरकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यालाच द्यावे लागते. वर्णनाच्या सोयीसाठी मांडलेले हे प्रकार पुढे नव्या निर्मात्यांचे नमुने बनले, ही या समीक्षेच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना होय.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू अल्बियन हे छोटे निर्मितीगृह १९७६ मध्ये निघाले व १९८२ मध्ये बंद पडले, पण त्याचा कित्ता अनेकांनी गिरवला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरनिर्मितीस संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली आणि स्वतः बिअर करणारा, म्हणून दोषही ओळखणारा, परीक्षकवर्ग तयार झाला. १९७९ मध्ये मॉर्टन मेइलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बिअरच्या चवींचे एक चक्र प्रमाण ठरले. लोण्याचा वास डायॅसिटिलामुळे, पिकल्या केळ्याचा आयसोअमाइल ॲसिटेटामुळे, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास बिअर शिळी झाल्यामुळे येतो, असे चवींचे नेमके निदान आता करता येऊ लागले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन योजनेच्या पन्नास गुणांच्या पत्रिकेत चवीस २०, गंधास १२, एकूण प्रभावास १०, मुखस्पर्शास ५ व रूपास ३ गुण दिले जातात. कडवटपणा घशाशी उतरल्यावर रेंगाळतो. म्हणून द्राक्षमद्याचे परीक्षक घोट थुंकून टाकतात, तसे बिअरचे परीक्षक सहसा करीत नाहीत.

या पद्धतीत दोषही आहेत. ठरीव प्रकारात न बसणारी उत्तम बिअर गुणांत मागे पडते. अनेक नमुने चाखून थकलेल्या जिभेला तीव्र चवीच आकृष्ट करतात, सौम्य बिअरवर अन्याय होतो. समीक्षकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. हौशी आस्वादकांचे अभिप्राय संकलित करणारी ‘रेटबिअर’ ही सेवा २००० मध्ये सुरू झाली. जगातील सर्वांत मोठ्या बिअर-कंपनीच्या एका उपकंपनीने तीत भागभांडवल घेतल्याचे २०१७ मध्ये उघड होताच काही लहान निर्मात्यांनी आपल्या बिअरची नोंद तेथून काढून टाकण्याची मागणी केली. १९७१ मधील तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती, त्याच वर्गातील कंपन्या आता तुलाही धरू लागल्या होत्या.

भारतात लहान निर्मितीगृहांचा उदय एकविसाव्या शतकातील आहे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने त्यांचा प्रसार राज्याराज्यांच्या अबकारी धोरणानुसार कमीअधिक झाला. गुरगाव, पुणे व बंगळूर ही त्यांची आरंभीची केंद्रे होत. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलॅली’ हे निर्मितीगृह सुरू झाले. ‘वेडसर’ या अर्थाचा हा इंग्रजी शब्द मुळात नासिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश असून, मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन् महिने अडकून पडणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी तो रूढ केला.