एका चिकट पेशीची नावं

मटणाच्या रश्श्यातली नळी ताटावर आपटून ज्यांनी आतला मगज ओढून खाल्ला आहे, त्यांना अस्थिमज्जा म्हणजे काय हे सांगायला नको. रक्त याच मज्जेत तयार होतं, हे आपण शाळेत शिकतो. पण तिथंच हाड घडवणारीही एक पेशी राहते. जगभरच्या प्रयोगशाळांत तिला 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हणतात, थोडक्यात एमएससी. ही पेशी शोधली एकानं, तिला हे नाव दिलं दुसऱ्यानं, आणि ज्यानं दिलं त्यानंच 26 वर्षांनी जाहीरपणे सांगितलं की आता हे नाव बदला.

आधी 'स्टेम सेल' या शब्दाचं घराणं पाहू. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण या शब्दाच्या पोटात कूळ आणि मूळ दोन्ही आहेत. येना इथले जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल डार्विनच्या विचारानं भारून गेलेले होते. सगळ्या सजीवांचे वंशवृक्ष ते काढत. वंशवृक्षाला जर्मनमध्ये 'श्टामबाउम' म्हणतात. ज्या एकपेशीय पूर्वजापासून पुढचे सारे बहुपेशीय जीव झाले, त्याला हेकेल यांनी 1868 मध्ये 'श्टामत्सेले' म्हटलं. म्हणजे कुळाची आद्य पेशी. नंतर त्यांनीच हा शब्द फलित अंड्यालाही लावला, आणि शतक संपता संपता रक्ताच्या अभ्यासकांनी तो रक्तपेशींच्या पूर्वज पेशीसाठी उचलला. इंग्रजीत त्याचा 'स्टेम' झाला आणि वंशाऐवजी झाडाचं खोडच डोळ्यांपुढे उभं राहू लागलं. आपण मराठीत 'मूलपेशी' म्हटलं आणि जमिनीखाली गेलो. मला हेकेल यांचा अर्थ सर्वांत नेमका वाटतो. एखादी पेशी पूर्वज आहे की नाही, हे तिच्या रूपावरून ठरत नाही. तिची संतती दाखवावी लागते. हाडाच्या पेशीचं सगळं भांडण पुढे याच मुद्द्यावर झालं.

मज्जा हाडाबाहेर नेऊन ठेवली तर तिथं हाड धरतं, हे गुजाँ या फ्रेंच संशोधकानं 1869 मध्येच प्राण्यांवर दाखवलं होतं. पण मज्जेतलं नेमकं काय हाड करतं, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं तसाच राहिला.

तो सोडवला मॉस्कोत. करोनाच्या काळात 'स्पुटनिक व्ही' लशीमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेली गमालेया संस्था आठवते? त्याच संस्थेत 1960च्या दशकात अलेक्झांडर फ्रीडेनश्टाईन काम करत होते. त्यांनी मज्जेच्या पेशी एका बंद डबीत भरल्या. डबीच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की शरीरातला द्रव आत यावा पण एकही पेशी आत-बाहेर करू नये. ही डबी प्राण्याच्या पोटात ठेवली. काही काळानं उघडली तर आत हाड! म्हणजे हे हाड यजमान प्राण्याच्या पेशींनी येऊन बांधलेलं नव्हतं, मज्जेतच त्याचा कारागीर होता.

मग 1970 मध्ये त्यांनी हा कारागीर वेगळा काढला, तोही अगदी साध्या रीतीनं. गिनीपिगची मज्जा तबकडीत पसरायची, थोड्या वेळानं वरचा द्रव ओतून टाकायचा. रक्त घडवणाऱ्या असंख्य पेशी द्रवाबरोबर वाहून जातात. तळाला चिकटून राहतात त्या अगदी मोजक्या, चातीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. काही दिवसांत त्यांतल्या एकेकीभोवती वसाहत उभी राहते. जितक्या जास्त पेशी पेराव्यात, त्याच प्रमाणात वसाहती वाढतात. यावरून प्रत्येक वसाहत एकाच पेशीची संतती आहे, हा निष्कर्ष निघाला. चिकटणं हीच पहिली ओळख, आणि आजही प्रयोगशाळेत या पेशी निवडण्याची पहिली पायरी तीच आहे. फ्रीडेनश्टाईन यांनी सुरुवातीला तिला नाव दिलं तेही जपून: वसाहत करणारा तंतुपेशीसारखा घटक. जेवढं दिसलं तेवढंच नावात घातलं. शास्त्रातला हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

शीतयुद्धाच्या त्या काळात ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांनी त्यांच्याबरोबर काम केलं आणि 1988 मध्ये दोघांनी मिळून या पेशींना 'स्ट्रोमल स्टेम सेल' म्हटलं. 'स्ट्रोमा' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ अंथरूण. रक्तपेशी ज्या बिछान्यावर जन्मतात, तो बिछाना विणणारी ही पेशी. पण नाव चाललं ते तिसरं. अमेरिकेत क्लीव्हलँडला कोंबडीच्या भ्रूणाच्या पायांतली हाडं-कूर्चा कशी घडते याचा अभ्यास करणारे आर्नल्ड कॅप्लान यांनी 1991 मध्ये 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हा शब्द रूढ केला. मेसेन्काइम म्हणजे भ्रूणातला असा ऊतक, ज्यातून हाड, कूर्चा, स्नायू, चरबी असं बरंच काही होतं. म्हणजे 'हाडाची पूर्वज' एवढ्यावर न थांबता 'बहुतेक सगळ्याची पूर्वज' असा दावा नावातच शिरला. 1999 मध्ये माणसाच्या मज्जेतल्या या पेशींपासून तबकडीत हाड, कूर्चा आणि चरबी होते असं दिसलं, आणि नावाला बळ आलं.

तबकडीतली पेशी पायात कशी न्यायची? नुसती टोचली तर ती ठरत नाही, तिला टेकायला काहीतरी लागतं. इथं द्रव्यविज्ञानाचं घराणं या कथेत येतं. इमारत बांधताना गवंडी बांबूंची परांची बांधतो, तशी हाडाची परांची: हाडातल्याच खनिजाची, हायड्रॉक्सिअॅपेटाइटची, सच्छिद्र. छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि मधल्या पेशी उपाशी मरतात. 2001 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. नडगी, पुढचा हात आणि दंड यांतला 4 ते 7 सेंटिमीटर हाडाचा तुकडाच नाहीसा झालेला. रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून त्या परांचीवर पेरल्या आणि ती त्या फटीत बसवली. हाड जुळलं, हातपाय चालू झाले, आणि काही वर्षांनंतरच्या तपासणीतही ते टिकलेलं होतं. उणीव एकच, आणि ती मोठी. इमारत झाली की परांची उतरवतात. ही उतरलीच नाही, सिरॅमिक तसंच राहिलं. म्हणून पुढे विरघळत जाणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटकडे संशोधक अधिक वळले.

आता संततीचा प्रश्न. नवं हाड पेरलेल्या पेशींचं, की त्यांच्या हाकेला धावून आलेल्या शरीराच्या पेशींचं? रोमचे पाओलो ब्यांको यांनी हा प्रश्न सोडला नाही. 2007 मध्ये त्यांच्या गटानं माणसाच्या मज्जेतल्या निवडक पेशी सिरॅमिकच्या कणांवर पेरून उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या. तिथं इवलंसं हाड तयार झालं. हाड माणसाचं, बिछाना माणसाचा, आणि त्यावर जन्मणारं रक्त उंदराचं! हेकेल यांच्या अर्थानं हा वंशाचा पुरावा होता. ब्यांको यांचं म्हणणं असं, की ही सांगाड्याची मूलपेशी आहे, 'सगळ्याची' नाही. ते हे प्रयोगशाळेतच बोलून थांबले नाहीत. मज्जेच्या पेशींनी मेंदू-मज्जातंतूंचे आजार बरे करण्याचा दावा 'स्टॅमिना' नावाच्या संस्थेनं केला आणि 2013 मध्ये इटलीत सरकारनं आधीच्या रुग्णांचे उपचार चालू ठेवू दिले, तेव्हा ते उघडपणे विरोधात उभे राहिले.

इतर अनेक प्रयोगांत मात्र पेरलेल्या पेशी काही आठवड्यांत नाहीशा होतात, काम होतं ते त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांनी, असं दिसत गेलं. 2017 मध्ये कॅप्लान यांनी लेखच लिहिला: नाव बदलण्याची वेळ आली आहे. एमएससी ही आद्याक्षरं ठेवा, पण ती संदेश देणाऱ्या औषधी पेशींची समजा, 'स्टेम सेल' म्हणू नका. त्या शब्दानं रुग्णांची दिशाभूल होते. स्वतःच्या हातानं रुजवलेला शब्द असा उपटायला धैर्य लागतं. मला वाटतं ते उशिरा आलं, तोवर शब्द बाजारात गेला होता.

आपल्याकडेही एक शब्द असाच काढला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या मूलपेशींविषयीच्या 2007च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असं होतं. 2013 मध्ये त्यातला 'उपचार' जाणीवपूर्वक वगळला, कारण रीतसर मान्यता मिळालेलं सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधनच आहे. तेव्हा गुडघ्यात किंवा खुब्यात 'स्टेम सेल' टोचून घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर दोन गोष्टी विचारा: याला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? नसेल, तर ही नोंदलेली चाचणी आहे का? या तत्त्वांनुसार चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, आणि चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते.