हिरव्या पाण्याचा हिशेब

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एका भांड्यात दोन गोल्डफिश सोडले. सोबत व्हॅलिस्नेरिया ही लांब पट्ट्यांसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती ऑक्सिजन देईल, मग पाणी न बदलता हा संसार चालेल का, एवढंच त्याला बघायचं होतं. सुरुवातीला चालला. मग जुनी पानं कुजली, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला, पाणी गढूळ झालं. त्यावर त्यानं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यानं हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरच्या घरी पाणी स्वच्छ ठेवण्याचा हा बहुधा सगळ्यात स्वस्त नोंदलेला उपाय असावा.

मला या इतिहासात रस आहे त्याला कारण आमच्या घरामागचं सिमेंटचं टाकं. त्यात कुमुदिनी आणि गप्पी मासे आहेत. मार्च उलटला की पाणी हिरवंगार होतं. पंप आणि यूव्ही दिव्याच्या फिल्टरवर खर्च करायची तयारी नाही. आणि पाण्यात काहीतरी टाकून गप्पी मेले, तर डासांच्या अळ्यांना रान मोकळं. म्हणून कमी पैशांत लोकांनी आजवर काय काय केलं, ते शोधत गेलो.

वॉरिंग्टननंतर अर्धशतकानं अमेरिकेत वेगळाच मार्ग निघाला. तिथल्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ मध्ये एक अहवाल छापला: पाणीपुरवठ्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदानं मारता येतं. पाण्याच्या दहा लाख भागांत मोरचुदाचा एक भागसुद्धा अनेक जातींना पुरतो. पद्धत अगदी साधी. मोरचुदाची पोती होडीला बांधायची आणि तलावभर होडी फिरवायची. आपल्याकडे द्राक्षबागा असलेल्यांना मोरचूद नवं नाही, बोर्डो मिश्रण त्याचंच होतं. ते स्वस्त, झटपट, कुठेही मिळणारं.

पण छोट्या टाक्यात इथेच घात होतो. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात. तांबं गोगलगायींना तर मारतंच, शिवाय ते कुजून नाहीसं होत नाही, तळाच्या गाळात साठत राहतं. आणि मेलेल्या शेवाळातलं पोषण परत पाण्यातच उतरतं, त्यावर पुढचं शेवाळ येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक तसाच ठेवून सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं हे आहे. काही दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच.

तिसरा उपाय इंग्लंडमधला, बार्लीच्या पेंढ्याचा. १९९० मध्ये चेस्टरफील्ड कालव्यातल्या प्रयोगांचा शोधनिबंध आला: पाण्यात कुजणारा बार्लीचा पेंढा शेवाळाची वाढ रोखतो. पुढे तिथल्या बागप्रेमींनी दर चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम या हिशेबानं जाळीच्या पिशव्या तळ्यांत सोडल्या. यात तीन अटी आहेत. पेंढा सैल भरायचा, त्याला हवा मिळायला हवी, आणि परिणाम दिसायला काही आठवडे थांबायचं. असलेलं शेवाळ तो मारत नाही, फक्त नवं येऊ देत नाही. नंतरच्या प्रयोगांत कुठे तो लागू पडला, कुठे नाही. आपल्या भाताच्या पेंढ्यालाही तोच गुण असेल असं गृहीत धरण्यात अर्थ नाही.

या सगळ्यांनी विचारलं, पाण्यात काय टाकू? प्रश्न उलटा करणारा प्रयोग झाला कॅनडात. शेवाळाला नेमकं काय कमी पडतं, कार्बन की फॉस्फरस, यावर तेव्हा मोठा वाद होता. साबण-डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असायचं, त्यामुळे त्या उद्योगाला कार्बन हे उत्तर सोयीचं होतं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ओंटारिओतल्या '२२६ क्रमांकाच्या' तलावात मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला. दुसरीकडे तेच, अधिक फॉस्फरस. विमानातून काढलेल्या फोटोत फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार दिसते आणि दुसरी काळसर, नितळ. या एका फोटोनं डिटर्जंटमधलं फॉस्फेट कमी करण्याच्या मागणीला मोठं बळ दिलं.

टाक्याला हाच हिशेब लागू होतो. फॉस्फरस आत येतो माशांच्या खाद्यातून, पडलेल्या पानांतून, कुंडीतून वाहून आलेल्या खतातून. तो हवेत उडून जात नाही. आपण बाहेर काढला, तरच तो कमी होतो. वॉरिंग्टनच्या गोगलगायींनीही तो काढला नव्हता, फक्त फिरवला होता. वाढत्या वनस्पतीनं तो शोषून घेतला असणार.

म्हणून आता मी खाद्य चिमूटभरच टाकतो. खताच्या कुंड्या काठावरून हलवल्या. कुमुदिनीची पानं निम्मं पाणी झाकतील एवढी वाढू देतो, म्हणजे ऊन कमी पोचतं. पिवळी पानं लगेच खुडतो. तंतूंसारखं शेवाळ काठीला गुंडाळून बाहेर ओढतो आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकतो. खर्च शून्य. पाणी काचेसारखं नितळ नाही, पण परवा तळाशी गप्पीची पिल्लं मोजता आली.