‘हायपो’ : एक नाव आणि एक निवड

छायाचित्र उमटविणे आणि ते टिकविणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे आरंभीच्या छायाचित्रकारांना लवकरच कळून चुकले. प्रकाशाचा परिणाम न झालेले रौप्यक्षार कागदात राहिले, की चित्र उजेडात काळवंडे. टॅलबटने १८३९ साली योजलेल्या उपायांपैकी एक म्हणजे मिठाचे तीव्र द्रावण. पनवेल-उरणच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेले तेच हे साधे मीठ. परंतु मिठाने त्या क्षारांची प्रकाशग्राहकता केवळ मंदावते. ते पुरते निघून जात नाहीत.

त्यांना विरघळविणारा क्षार जॉन हर्शेलने १८१९ सालीच अभ्यासिला होता. त्यास तेव्हा ‘हायपोसल्फाइट’ म्हणत. पुढे रसायनशास्त्राने हे नाव टाकले आणि ‘थायोसल्फेट’ स्वीकारले. डार्करूममध्ये मात्र तो ‘हायपो’च राहिला. मराठी छायाचित्रकारांनीही हाच शब्द उचलला. शास्त्राने त्यागिलेली संज्ञा व्यवसायाच्या बोलीने जतन करावी, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नोंदवावी अशीच आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी छायाचित्रणात लौकिक मिळविला तो याच सुमारास. तो काळ कलोडियनच्या ओल्या काचांचा. अशा काचांसाठी पुष्कळांना पोटॅशियम सायनाइड सोयीचे वाटे, कारण ते झटपट काम करी व थोड्या पाण्याने धुतले जाई. पण ते प्राणघातक विष. शिवाय अधिक वेळ राहिल्यास प्रतिमेतील सूक्ष्म चांदीही खाणारे. ही सोय महागच म्हटली पाहिजे.

जिलेटिनच्या फिल्म व कागद आल्यावर प्रश्न पालटला. फिल्मचा पाया रसायन शोषीत नाही. कागदाचे तंतू शोषतात. मागे राहिलेला हायपो चांदीचे सल्फाइड बनवितो, चित्र पिवळसर होऊन विटते, आणि दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. कोकणातील जुन्या कौटुंबिक संग्रहांना हा धोका मोठा. अमोनियम थायोसल्फेट जलद काम करते, म्हणून कागद द्रावणात थोडाच वेळ ठेवावा लागतो. मात्र तो तसाच विसरला, तर फिकट छटा उडू लागतात. उन्हाळ्यात मऊ पडणाऱ्या जिलेटिनसाठी तुरटी घालीत. तिने थर कठीण होतो, पण कागदातून हायपो निघणे लांबते.

मिठाची हकीकत मात्र येथेच संपत नाही. खाऱ्या पाण्याने हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर निघतो, असे पुढे आढळून आले. शेवटी मीठ काढण्यापुरते गोडे पाणी लागते, एवढेच.