शैक्षणिक संकुलाच्या इमारती: कमी विजेत गारवा, दीर्घ आयुष्य

महाविद्यालयाच्या इमारतीत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकून जातात. तिच्यातले पंखे, दिवे आणि एसी मात्र दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागतात. नकाशा आखताना झालेल्या चुकीचे वीजबिल संस्था दरवर्षी भरत राहते आणि वीज गेली की वर्गात बसवत नाही. त्यामुळे वीजबचतीचा खरा निर्णय बांधकामाआधीच होतो.

पाणचक्कीचे दालन

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून जवळच, खाम नदीकाठी पाणचक्की आहे. मशीद, मदरसा आणि सराई असलेले हे जुने संकुलच. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे येई आणि त्याच्या जोरावर दळण होई. येथील मोठ्या हौदाखाली खांबांचे दालन आहे. वरचे पाणी उन्हाची उष्णता शोषते, त्यातले काही बाष्प होऊन उडून जाते, म्हणून दालन उन्हाळ्यातही गार राहते. आज मराठवाड्यात प्रत्येक छतावर हौद बांधण्याइतके पाणी नाही. घ्यायचे ते तत्त्व: उष्णता छतावरच अडवावी.

ऊन कुठून येते?

हे शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे-जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून छत सर्वाधिक तापते. पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझॅक तिथे उपयोगी पडतो. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंश उंचीवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांना छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, ते छज्ज्याने अडत नाही. म्हणून त्या बाजूला जिने, स्वच्छतागृहे आणि झाडे असावीत, तर वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेकडे.

वर्ग वेगळा, वसतिगृह वेगळे

दगडाच्या जाड भिंतीतून उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात. तोवर कॉलेज सुटलेले असते, म्हणून वर्गांसाठी ती उत्तम. वसतिगृहात मात्र तीच भिंत रात्री, मुले झोपायच्या वेळी, उष्णता सोडते. तिथे भिंतीवर सावली आणि आरपार वारा अधिक महत्त्वाचा.

टिकाऊपणा

छज्जा ऊन अडवतो, तसेच पावसापासून भिंतही वाचवतो. वायर आणि पाइप भिंतीत न गाडता उघडता येणाऱ्या मार्गातून नेले, तर ते बदलताना तोडफोड होत नाही. जुनी भक्कम इमारत दुरुस्त करून वापरली, तर नव्या सिमेंट-पोलादासाठी लागणारी ऊर्जाही वाचते.