नवा कोयता, जुना बांध



सोयाबीनची रास घरात आली आणि दिवाळीनंतर विहिरीकडच्या बांधाला हात घातला. तीन वर्षं हा बांध कुणी तोडला नव्हता. वेडी बाभूळ, घाणेरी, तरवड आणि खाली कमरेइतकं गाजर गवत. पाऊलवाट बुजली होती, आत रानडुकरं मुक्कामाला होती. शेजारी म्हणाला, "मामा, कशाला हात सोलून घ्यायलाव? दोन पंप मारा की, मोकळे व्हा." मारलेही असते. पण मागच्या साली कुणाच्या तरी बांधावरचं तणनाशक वाऱ्यानं आमच्या तुरीवर आलं, सहा तासं करपून गेली. वर ह्या विहिरीचं पाणी आम्ही पितो. म्हणलं, हातानंच काढायचं.

त्यासाठी दोन हत्यारं घेतली. एक ऑनलाईन मागवलेलं मॅचेटी, दीड फुटाचं सरळ पातळ पातं, प्लास्टिकची मूठ. दुसरा कोयता लातूरच्या रस्त्याला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून करून घेतला. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा, नवऱ्यानं सांडशीत धरला आणि बाईनं घण मारला. भाता त्यांची पोरगी फिरवत होती. शेवटी फक्त धारेकडची बाजू लाल करून पाण्यात बुडवली, पाठ तशीच ठेवली. का, असं विचारलं तर म्हणाला, "मालक, सगळ्यालाच पाणी पाजलं तर दगडावर बसल्याबरोबर मोडंल की." धार कडक आणि पाठ चिवट, हे एवढ्यासाठी.

आधी निकाल सांगतो. गाजर गवत, रानतुळस, तरवडाच्या कोवळ्या काड्या यांना मॅचेटी भारी. हलकं आहे, हात लांब पोचतो, वाकावं लागत नाही. घाणेरीला बरं. पण वेडी बाभूळ मनगटाएवढी झाली की पातं थरथरतं, झटका कोपरापर्यंत येतो. दुसऱ्या दिवशी धार तीन ठिकाणी वळली. घिसाड्याचा कोयता जड, वजन टोकाकडं, तिरपा घाव घातला की लाकडात रुततो. तासाभरात खांदा भरून येतो खरा, पण धार संध्याकाळपर्यंत तशीच.

यात मॅचेटीचा दोष नाही. ते हत्यार आपल्या रानासाठी जन्मलंच नाही. वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेतला ऊस, केळी, ओलं जंगल यासाठी ते घडत गेलं. अमेरिकेतली कॉलिन्स कंपनी 1845 पासून मॅचेटी करून तिकडं पाठवायची. क्युबात 1868 साली स्पेनविरुद्ध बंड झालं तेव्हा शेतावरच्या माणसांनी हीच पाती घेऊन सैन्यावर चाल केली. बाभळीच्या काटेरी, वाळक्या लाकडाशी त्याचा संबंध आला नाही.

आता आपल्याकडचं. लोखंडाच्या बाबतीत आपण मागास होतो, असं कुणी म्हणलं की मला राग येतो. नांदेडच्या धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडं, निजामाबाद जिल्ह्यात कोणसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथले लोहार दोन जातींचं लोखंड मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत वितळवायचे आणि त्याचं पोलाद करायचे. 1820 च्या सुमारास व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञानं ते तिथं जाऊन पाहिलं आणि लिहून ठेवलं. इराणातल्या इस्फहानचा व्यापारी हे पोलाद न्यायला तिथं आला होता. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या तलवारी अशाच दख्खनी पोलादाच्या. म्हणजे गोदावरीच्या काठचं पोलाद इराणला जात होतं आणि आपण आज कोयत्यासाठी ट्रकचा पाटा शोधतो. विलायतेहून यंत्रावरचं स्वस्त लोखंड यायला लागलं आणि त्या भट्ट्या विझल्या. आपल्या लातूरला 1911 साली बार्शी लाईट रेल्वे आली, मग तर पेठेत बाहेरचा माल यायला बैलगाडीचीही अडचण उरली नाही.

गावचा लोहार मात्र टिकला, कारण त्याचं पोट पेठेवर नव्हतं, बलुत्यावर होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' ह्या 1915 च्या पुस्तकात ही सगळी व्यवस्था सापडते. माझ्या वडिलांच्या वेळेपर्यंत आमच्या घरून लोहाराला खळ्यावर ज्वारी जायची, त्या बदल्यात वर्षभर पास, खुरपं, विळे शेवटून मिळायचे. ट्रॅक्टर आला, कुळव-तिफणीचं काम घटलं, लोहाराच्या पोरांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं. राहिला तो फिरता घिसाडी. त्याला बलुतं कधीच नव्हतं, आज इथं तर उद्या तिथं, रोख घेऊन काम. बलुत्याची व्यवस्था चांगली होती असं मी म्हणत नाही. ज्याला घ्यावं लागायचं त्याला ती तशी वाटत नव्हती.

हत्याराचं झालं. आता ज्याच्यावर ते चालवायचं त्याचा इतिहास बघा, तो जास्त गमतीचा आहे. ह्या बांधावरची जी झाडं आपल्याला छळतात ती बहुतेक पाहुणी आहेत.

आजोबा सांगायचे, पूर्वी बांधाला फड्या निवडुंगाचं कुंपण असायचं. तो मूळचा अमेरिकेचा. कोयत्यानं तोडला तर प्रत्येक तुकडा मुळ्या धरायचा, म्हणजे तोडणारा माणूस लागवडच करायचा. तो हटला किड्यानं. 1926 पासून दक्षिण भारतात सिलोनहून आणलेला पांढरा कापसासारखा किडा सोडला आणि मैलोन्‌मैल निवडुंग साफ झाला.

वेडी बाभूळ आली 1877 च्या सुमारास. बी जमैकाचं, पेरलं आंध्रातल्या कडप्पाकडं, इंधनासाठी. तेव्हा दख्खनमध्ये 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ चालू होता. पाण्याशिवाय तगणारं झाड तेव्हा कुणालाही देवासारखंच वाटलं असेल. आज तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी रानभर पेरतात.

गाजर गवताची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेचा पीएल-480 चा गहू आला, त्यातून बी आलं, काँग्रेसच्या राज्यात आलं म्हणून काँग्रेस गवत. मीही लोकांना हेच सांगायचो. पण तारखा जुळवून बघा. पुण्यात हे गवत 1955 साली नोंदलं गेलं आणि भारताचा पीएल-480 चा पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. कराराआधीच गवत हजर! त्याच्याही आधी 1951 साली अमेरिकेनं कर्जावर गहू दिला होता, त्यातून आलं असेल तर गोष्ट थोडीफार बसते. पण कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची रॉक्सबर्गनं केलेली यादी 1814 साली छापली गेली, तिच्यातही हे नाव आहे. तेव्हा सगळा दोष गव्हाच्या पोत्यावर टाकताना जरा थांबावं. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडं तांबडी मिलो आली, तिच्यावरही लोक असाच आळ घेतात.

ह्याला खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 साली बंगळुरूकडं सोडला. निवडुंगासारखं सपाट काम त्यानं केलं नाही, पावसाळ्यात मात्र पानांची चाळण करतो. आपल्या बांधावर दिसला तर फवारा मारू नका.

आणि इथं माझी चूक सांगतो. मॅचेटी गाजर गवतावर झकास चालतं म्हणून पहिल्या दिवशी मी अर्धा बांध सपासप कापला. गवत फुलावर होतं. कापलेलं तसंच पडलं, बी झडलं. अंगाला खाज सुटली ती वेगळीच. गाजर गवत फुलायच्या आधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असतं. हे मला माहीत होतं, पण नवं हत्यार हातात आलं की माणसाची अक्कल मनगटात जाते.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षं बांध का वाढू दिला? माणूस नव्हता. आमच्याकडं बांध तोडायला येणारं जोडपं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, खाडा कोयत्यावर. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट ह्या भागातून असे किती कोयते जातात ते बसस्टँडवर उभं राहिलं की कळतं. एक हत्यार दोन माणसांचं नाव होऊन बसलंय, आणि ते गावात नसलं की बांध वाढतो. ते जोडपं ह्या वर्षीही गेलं. जाताना त्यातली बाई माझा नवा कोयता हातात तोलून म्हणाली, "बांधाला चांगलाय काका, उसाला जड हाय. दिवसभर असला उचलला तर रातच्याला भाकर थापता येत न्हाई."

आठ दिवसांत वाट मोकळी झाली. रानडुकरं ओढ्याकडं सरकली, म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाची तरी कटकट. वेडी बाभळीचे एकूण चौदा बुंधे निघाले. पाच मी कुदळीनं उकरून, मातीखाली वीतभर मूळ तोडून काढले. नऊ कंटाळा करून जमिनीच्या वर तोडले. पंधरा दिवसांनी जाऊन पाहिलं तर त्या नऊही बुंध्यांना हिरवे फुटवे, उकरलेल्या पाचांवर काहीच नाही. आता ते नऊ उकरायचे राहिलेत. कोयत्याची मूठ ढिली झालीय, ती बसवून घ्यायला रस्त्याला गेलो तर पाल उठलं होतं. चुलीची राख आणि ऐरणीच्या ठोकळ्याचा खड्डा तेवढा होता.