रायगडच्या सहलीला कॅमेऱ्याची कोणती लेन्स न्यावी? वजन, पाऊस आणि कड्यांचं गणित समजून घ्या

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच गावात झाला. नाते मागे पडलं की पुढे पाचाड, आणि तिथून समोर उभा राहतो रायगड.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यात रायगडही आहे. सुट्टीत गडावर गर्दी असते आणि बऱ्याच जणांच्या गळ्यात कॅमेराही असतो. पण घरातल्या सगळ्या लेन्स बॅगेत कोंबून नेल्या, तर फोटो कमी आणि खांदेदुखी जास्त, असं होतं.

मग नेमकी कोणती लेन्स न्यायची?

आधी मिलीमीटरची भानगड

लेन्सवर १८, ५०, २०० असे आकडे लिहिलेले असतात. ही त्या लेन्सची फोकल लेंग्थ. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, आकडा मोठा तेवढी लांबची वस्तू जवळ.

याचं एक सोपं गणित आहे. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंग्थ. उत्तर येतं ते फोटोत मावणाऱ्या दृश्याची रुंदी. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो आणि तो साधारण २३.५ मिलीमीटर रुंद असतो.

आता गडावर या. राजसभेत नगारखान्यापासून सिंहासनाच्या जागेपर्यंतचं अंतर सुमारे २०० फूट, म्हणजे ६० मीटर धरलं, तर १८ मिलीमीटरवर समोरची सुमारे ७८ मीटर रुंदी फोटोत येते. पूर्ण राजसभा मावते, पण मेघडंबरी त्यात इवलीशी दिसते. १३५ मिलीमीटरवर तीच रुंदी साडेदहा मीटर होते. मेघडंबरी ठसठशीत दिसते, मात्र आजूबाजूची राजसभा फोटोबाहेर जाते.

म्हणजे एकाच जागेवरून दोन्ही फोटो हवे असतील, तर झूम लेन्स लागते.

फॅमिली फोटो आणि कड्याचा धोका

खरा घोटाळा ग्रुप फोटोत होतो. घरातले दहा जण शेजारी शेजारी उभे राहिले तर साधारण पाच मीटर जागा घेतात. ५० मिलीमीटरची लेन्स असेल, तर फोटो काढणाऱ्याला साडेदहा मीटर मागे जावं लागतं. १८ मिलीमीटरवर चार मीटर पुरतात.

घराच्या अंगणात हा फरक किरकोळ वाटतो. टकमक टोकावर किंवा हिरकणी बुरुजावर तो किरकोळ नसतो. डोळा कॅमेऱ्यात आणि पाय मागे, अशा अवस्थेत कड्याजवळ साडेदहा मीटर उलटं चालणं म्हणजे जिवाशी खेळ. टोकांवर वाराही जोराचा असतो.

त्यामुळे गडावर रुंद लेन्स फक्त सुंदर फोटोसाठी न्यायची नाही. मागे सरकावं लागू नये, हे तिचं मोठं काम आहे. आणि कोणतीही लेन्स असली तरी नियम एकच. आधी जागा बघा, पाय रोवा, मग डोळा कॅमेऱ्याला लावा.

एकच लेन्स न्यायची असेल तर

१८-१३५ किंवा १८-१५० च्या आसपासची झूम लेन्स घ्या. महादरवाजा, बाजारपेठ, गंगासागर तलाव, होळीच्या माळावरचा पुतळा आणि घरच्यांचे फोटो, सगळं तिच्यात भागतं. पूर्वेकडे दिसणारा लिंगाण्याचा सुळकाही १३५ वर बऱ्यापैकी जवळ येतो.

कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स असेल तरी वाईट वाटून घेऊ नका. अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि गडावरची बहुतेक दृश्यं त्या टप्प्यात येतात. लिंगाणा तेवढा लांब राहील.

७०-२०० एफ/२.८ सारखी भारी लेन्स नेण्याआधी मात्र विचार करा. तिचं वजन दीड किलोच्या घरात जातं. गडाच्या पायऱ्या साधारण दीड हजार. पहिल्या शंभर पायऱ्यांत हौस टिकते, त्यानंतर ती लेन्स घरातल्या कुणाच्या तरी पाठीवर जाते. १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे चढण टळते. पण वर पोचल्यावर जगदीश्वर मंदिर आणि महाराजांच्या समाधीपर्यंत पायीच जायचं असतं.

दुसरी लेन्स कधी घ्यावी?

अंधारासाठी. दगडी खोल्या, देवळाचा आतला भाग, पाचाडला मुक्काम असेल तर संध्याकाळ, अशा ठिकाणी किट लेन्स कमी पडते.

इथे दुसरा आकडा कामाला येतो, एफ नंबर. तो जितका लहान तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ वर जवळपास दहापट उजेड मिळतो. ३५ किंवा ५० मिलीमीटरची एफ/१.८ लेन्स दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असते, तुलनेने स्वस्तही असते. खोलीत मागे जायला जागा नसते, म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० पेक्षा ३५ बरी.

ट्रायपॉड नेऊन प्रश्न सुटेल असं वाटत असेल, तर थांबा. रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी ट्रायपॉड आणि ड्रोनसाठी आधी परवानगी लागते. महाडजवळची गांधारपाले लेणी बघणार असाल, तर तिथेही हेच लक्षात ठेवा. समाधी आणि देवळात फोटोपेक्षा जागेचा मान आधी.

पावसाळ्यात लेन्सचा शत्रू बुरशी

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पाऊस धो-धो पडतो आणि गड ढगात बुडालेला असतो. शिवराज्याभिषेक सोहळा ६ जूनला आणि तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला होतो, म्हणजे पावसाच्या तोंडावर. त्यात गर्दी एवढी की लेन्स बदलायला कोपरा मिळत नाही. अशा दिवशी एकच झूम लेन्स लावा आणि ती काढूच नका. उघड्या कॅमेऱ्यात धुकं, धूळ किंवा थेंब गेला तर सेन्सरवर डाग पडतात.

दुसरी गोष्ट बाष्पाची. एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. पाचाडला पोचायच्या थोडं आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

घरी आल्यावर ओली बॅग कपाटात टाकली, तर काही आठवड्यांत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू शकते. ती साफ करण्याचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीला भिडतो. उपाय साधा आहे. लेन्स पुसून कोरडी करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी.

आणि पुढचा मुक्काम इमॅजिकाला असेल तर?

रायगड जिल्ह्यातच, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका थीम पार्क सुरू झालं. अनेक कुटुंबं गड आणि पार्क एकाच सुट्टीत करतात. तिथलं गणित थोडं वेगळं.

राईडवर कॅमेरा नेणं विसरा. वेगात सुटलेली लेन्स दुसऱ्याच्या डोक्यात बसू शकते, म्हणून सुट्या वस्तू बाहेरच ठेवायच्या असतात. फोटो काढायचा तो खाली उभ्या असलेल्या माणसाने. रोलर कोस्टरवरचे चेहरे टिपायला ५५-२०० सारखी लांब लेन्स आणि १/१००० सेकंदाचा शटर स्पीड ठेवा. संध्याकाळच्या दिव्यांत तीच ३५ ची एफ/१.८ लेन्स उपयोगी पडते. वॉटर पार्कला लेन्सवाला कॅमेरा नकोच, वॉटरप्रूफ पाऊचमधला फोन बस झाला.

फक्त फोन असेल तर?

काहीच अडत नाही. बहुतेक फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंदच असतो, त्यामुळे ग्रुप फोटोला मागे सरकावं लागत नाही. ०.५ वर राजसभा मावते, पण कडेला उभ्या माणसांचे चेहरे ताणले जातात. म्हणून ज्येष्ठांना मध्यभागी उभं करा.

थोडक्यात काय न्यायचं?

पायऱ्यांनी चढणार असाल तर १८-५५ किंवा १८-१३५, यापैकी एकच. रोपवेने जाणार आणि आतले फोटो हवे असतील तर सोबत ३५ एफ/१.८. पार्कलाही जाणार असाल तर लांब झूम गाडीत ठेवा, गडावर नको. सोबत एक मऊ फडकं, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि जादा बॅटरी.

उरलेल्या जागेत पाण्याची एक बाटली जास्त ठेवा. दीड हजार पायऱ्यांवर तिचा उपयोग तिसऱ्या लेन्सपेक्षा नक्कीच जास्त होईल.